सागवानावर सागवान

सागवानाला रंधा मारला की हिराजीकाका निघालेली सालपटं मुठीत चुरगाळत आणि तीच मूठ केसांना पुसत. "तेल हाय त्यात, मास्तर. म्हणून वाळवी तोंड लावत नाय." सत्तरीतही त्यांचे केस काळे होते. त्याचं श्रेय सागाला की वडिलांना, हे मी विचारलं नाही.

खाडीकाठच्या गावात त्यांनी तीस वर्षं होड्या बांधल्या. फायबरच्या होड्या आल्या आणि काका डोंबिवलीत आमच्या सोसायटीची दारं-खिडक्या दुरुस्त करू लागले. त्यांची एकही होडी आता पाण्यात नव्हती. शेवटच्या होडीसाठी घेतलेल्या सागवानी फळ्या मात्र पडवीत वर्षानुवर्षं वाळत होत्या. सोसायटीचा हॉल झाला, तेव्हा त्या त्यांनी आपणहून दारासाठी दिल्या. "हातचं एक तरी काम मागं राहूदे," एवढंच म्हणाले.

एकही खिळा न मारता त्यांनी दार केलं. ताजं रंधलेलं लाकूड हिरवट होतं, मध्ये काळ्या रेघा, कडेला पिवळा पट्टा. अध्यक्ष बघायला आले. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर पाच पदं होती, त्यांत सुताराचं नव्हतं.

"काका, हे सागवान? सागवान ब्राउन असतं. आमच्या साडूकडे बघितलंय मी."

"साडूकडं तुमी पालिश बघितलाय. लाकूर नाय."

"अहो, रविवारी नगरसेवक येतायत उद्घाटनाला. हे असं डागाळलेलं दाखवू?"

"पंधरा दिस उन्हात राहूदे. रंग त्याचा तो येतो. आपण आणायचा नसतो."

काकांचं खरं होतं. ताजं सागवान असंच ठिगळाठिगळांचं दिसतं. उजेड लागला की सगळं एकजीव होऊन सोनेरी होतं. पुरावा म्हणून मी घरी पुस्तक आणायला गेलो. परत येईपर्यंत ठराव झाला होता: दारावर सनमायका. सागवानी डिझाइनची.

"तेलकट लाकूर हाय, चिकटायचा नाय," काका म्हणाले. तरी ती चिकटवली त्यांनीच. मी चिडून विचारलं, कशाला? "दुसरा कोण आला तर खिळे मारील, मास्तर."

रविवारी नगरसेवकांनी दारावरून हात फिरवला. "ओरिजिनल सागवान! लगेच कळतं." काका मागे खुर्च्या मांडत होते.

पहिल्याच उन्हाळ्यात सनमायकाचा कोपरा सुटला. आत उजेड पोचलाच नव्हता, त्यामुळे लाकूड अजून हिरवं-काळंच. "बघा, लाकूडच खराब निघालं," अध्यक्ष म्हणाले. मी उजेडाचं समजावलं. "मास्तर, तुमचं वाचन दांडगं आहे," ते म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ, विषय संपला. काका येता-जाता तो कोपरा अंगठ्याने दाबत. ते गेटपाशी पोचेपर्यंत तो पुन्हा वर आलेला असे.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. सभेत अध्यक्ष "अस्सल कारागीर" वगैरे बोलले, आणि आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. पुढचा विषय दाराचा होता: जुनी सनमायका काढून नवी बसवणे, आणि या वेळी चारी कडांनी खिळे. मी विरोध नोंदवायला उठलो.

"बसा मास्तर," अध्यक्ष म्हणाले, "उभं राहणं झालं की आत्ताच."