कलाबाईला दिसलेला शनी

वरवट बकालच्या एका शाळेत संघपाल अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळेचा परिचर होता. सूक्ष्मदर्शक पुसायचे, परीक्षानळ्या विसळायच्या, पोरांच्या हातून काही फुटलं की बोलणी खायची. यंत्रं मांडायची त्याने, डोळा लावायचा मास्तरांनी.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला कॉम्प्युटरवर चालणारी दुर्बीण दिली, तेव्हा विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. खोकं उघडायची कुणाची छाती होईना. संघपालने माहितीपुस्तिका घरी नेली, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि आठ दिवसांत यंत्र मार्गी लावलं. यंत्राला आधी दोन ठळक तारे ओळखून द्यायचे, मग रिमोटवर ग्रहाचं नाव निवडलं की नळी आपसूक तिकडे वळायची.

"आजचा कार्यक्रम नीट झाला, तर दुर्बीण तुमच्या ताब्यात," मुख्याध्यापक अर्जुनराव म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी संघपालला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. त्या एका शब्दासाठी तो दिवसभर तयारीत राबला, जेवलाही नाही.

डिसेंबरचा महिना, सातलाच अंधार पडलेला. शनी दाखवणार म्हटल्यावर गावातली चाळीसेक माणसं मैदानात आली, काही जण तर तेलाची वाटी घेऊन. संघपालने आधी स्वतः पाहिलं. पिवळसर गोळी, भोवती बारीक कडं. मग अर्जुनरावांनी पाहिलं. तिसरा नंबर गावातल्या अंबूबाईंचा. त्यांनी दर्शन घेतलं आणि देवळातल्या सवयीने नळीला कपाळ टेकवलं.

नळी हलली. रिमोटला काही ते कळलं नाही; त्याच्या छोट्या पडद्यावर शनीचं नाव तसंच राहिलं, आणि संघपाल पडद्याकडेच पाहत होता. "पिवळी गोळी, भोवती कडं," तो प्रत्येकाला सांगे, आणि प्रत्येक जण काळोखात डोकावून म्हणे, "हाव, दिसला." आपल्यालाच शनी दिसत नाही म्हणजे साडेसातीच, अशी कुणाला धास्ती. ज्यांना धास्ती नव्हती, त्यांना अडाणी ठरायचं नव्हतं.

शेवटी संघपालची आई आली, कलाबाई. दिवसभर कापूस वेचून थकलेली.

"मले तं नुसतं काळंच दिसून राह्यलं," ती म्हणाली.

भोवतीचे हसले. संघपालचे कान तापले. "चाळीस लोकायले दिसला, तुलेच काऊन नाही दिसत? मोतीबिंदू तुह्या डोळ्यात हाय, मशीनमंधी नाही."

कलाबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा अर्जुनरावांकडे. पुन्हा वाकली. "हाव, दिसला बापा."

"दुर्बिणीच्या कपाटाची चावी उद्यापासून तुमच्याकडे," जाताना अर्जुनराव म्हणाले.

मैदान रिकामं झाल्यावर संघपालने डोळा लावला. काळोख. त्याला अंबूबाईंचं कपाळ आठवलं आणि सगळा उलगडा झाला. चाळीस जणांचं त्याला काही वाटलं नाही, पण आईला चारचौघांत बोललो या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने दोन्ही तारे पुन्हा जुळवले, शनी आणला, आणि सतरंजी झटकणाऱ्या आईला हाक मारली.

"माय, मंघा तुहंच खरं होतं. आता पाह्य."

कलाबाईने पदराने डोळे पुसले, वाकून पाहिलं आणि सरळ झाली.

"दिसला."

"कसा दिसला?"

"तू सांगतं तसाच, बापा," ती म्हणाली, आणि सतरंजीची घडी घालायला वळली.