कबुलीच्या वेळी दिलेली हाळी

गावचं गायरान सौरऊर्जेवाल्या कंपनीला द्यायचं ठरलं, तेव्हा बायकांबरोबर मीही रस्त्यावर बसले आणि घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. सतरा वर्षांची होते. गावच्या पुढाऱ्यानं वडलांना बोलावून दम भरला, "पोरगी बिघडून राह्यली. शिबिरात धाडा, न्हाई तं पोलीस केस होईल." वडील घाबरले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तो बरेच दिवस गेला नाही.

शिबिर त्या पुढाऱ्याचंच, भोकरदनपासून लांब, डोंगराला लागून. नाव संस्कारांचं, काम त्याच्या रानातले दगड वेचण्याचं. मोबाईल काढून घेतलेले. संध्याकाळी कबुली. एकेकानं उभं राहून 'माझी दिशाभूल झाली, माझं चुकलं' म्हणायचं. म्हटलं की घरी. माझ्याबरोबरच्या मुली म्हणून मोकळ्या झाल्या. मी आपली ढिम्म. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि शिबिराचे संचालक रोज नेमकी तीच आठवण करून द्यायचे. खरं सांगते, एकदोनदा शब्द ओठांवर आला होता. गिळला. चरायची जमीन गेली आमच्या मेंढ्यांची, आणि चुकलं माझं?

मग संचालकांनी खतासाठी रानात मेंढ्या बसवायला बोलावल्या. कळप कुणाचा, तर आमचाच! गायरानाला तारांचं कुंपण पडल्यापासून माझा चुलता चाऱ्यासाठी रानोमाळ फिरत होता. मी इथं आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

आमचं नातं कळलं तशी संचालकांना आयतीच संधी मिळाली. "चुलत्यासमोर म्हण. उद्या सोडतो."

मी उभी राहिले. पलीकडं चुलता मेंढ्या कोंडायची जाळी उलगडत होता, मान खाली घालून. ती मान बघून माझं डोकंच फिरलं. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि लहानपणापासून मेंढ्यांना देत आले ती हाळी दिली. अख्खा कळप सतरंज्या, माईक, खुर्च्या तुडवत माझ्याकडं आला. शिबिरातली पोरं पोट धरधरून हसली.

"आवरा यांना!" संचालक ओरडले. शेजारी लावलेली पुढाऱ्याची डाळिंबाची रोपं मेंढ्यांच्या तोंडात होती.

"माझं न्हाई ऐकून राह्यल्या, साहेब," चुलता शांतपणे म्हणाला. "पोरीला सोडा, त्या बी जातील मागं."

फाटक उघडलं.

घरी वडील दारातच उभे होते. "म्हणलीस का, चुकलं म्हणून?"

"न्हाई."

त्यांनी कोपऱ्यातली मेंढ्या हाकायची काठी उचलली आणि चुलत्याला न देता माझ्या हातात दिली.

"मंग चल," ते म्हणाले. "तारा काढू. मेंढ्या गायरानात घालायच्यात."