सव्वाचारची गाडी आणि पीसीएमबी

अ‍ॅडमिशनच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला करमणुकीसाठी वेगळं काही करावं लागत नाही. दहावीचा निकाल लागला की आमच्या भालकीच्या पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजच्या व्हरांड्यात टेबल मांडतात. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आमचे क्लार्क शिवराजअण्णा, मध्ये गोंदाची बाटली. बावीस वर्षं मी केमिस्ट्री शिकवते. काय शिकवलं ते पोरं विसरली, कधीमधी मीही विसरते. पण त्या टेबलावर ऐकलेलं काही डोक्यातून जात नाही. अण्णा म्हणतात, "म्याडम, फॉर्मच्या मागं लिहून ठेवा की." पण फॉर्मच्या मागं नियम छापलेले असतात, आणि ते वाचायला कुणाला वेळ असतो म्हणता?

या किश्श्यांत यंदाचा एक फॉर्म सारखा मधे मधे येणार आहे, म्हणून त्याचं आधी सांगून टाकते.

रेणुका मेहकर गावची. तिचा आजा जन्मभर मेंढरं घेऊन गावोगाव फिरला. वडील बिराप्पा तरुणपणी त्याच्यामागं फिरले, मग मेंढरं विकली आणि आता दुसऱ्याच्या शेतात कामाला जातात. पोरीला व्हायचंय जनावरांची डॉक्टर. त्याला पीसीएमबी लागतं, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजी. मार्क चांगले होते, अडचण होती गाडीची. आमचं प्रॅक्टिकल साडेचारला सुटतं आणि मेहकरकडची गाडी सव्वाचारला जाते. त्यानंतरची सातला, आणि तेवढ्या उशिरा पोरीला एकटीनं येऊ द्यायला घरात कुणी तयार नाही.

आर्ट्सचे वर्ग दोनला सुटतात. म्हणून त्या बाजूच्या पोरी वर्षानुवर्षं आर्ट्सच घेत आल्यात. इतक्या, की मेहकर म्हटलं की अण्णांचं पेन विचारायच्या आधीच आर्ट्सच्या चौकटीवर टेकतं. यंदाही टेकलं. रेणुकानं फॉर्मवर हात ठेवला.

"अण्णा, ते रिकामं राहू द्या. अप्पा इचार करायलेत."

शेवटची तारीख शनिवार. अण्णांनी तिचा फॉर्म टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला. जाता जाता तिनं मला विचारलं, "म्याडम, प्रॅक्टिकल जरा लवकर सोडता येत न्हाई का?"

"दोन तासांचं काम असतं बाई. टाइमटेबल काही मी केलेलं नाही," मी म्हणाले, आणि पुढचा फॉर्म ओढला. हे माझं बोलणं लक्षात ठेवा.

*

ठाणाकुशनूरचे एक पाटील दोन वर्षांमागं आले होते. रेक्झिनच्या पिशवीत नऊ मार्कलिस्टा, आणि सोबत पोरगं एकही नाही.

"पोरं कुठायत?"

"सोयाबीन पेरायलेत. तुम्ही भरा, मी हाय की."

"कुणाला काय घ्यायचंय?"

"सगळ्यास्नी एकच द्या. एका खोलीत ऱ्हाणार हायत, पुस्तकाचा एकच सेट पुरंल."

नऊच्या नऊ पोरं कॉमर्सला गेली. सहामाहीला कॉमर्सच्या सरांनी मला त्यांचे पेपर आणून दाखवले. पेपर आठच होते, आणि आठही जणांनी चौथ्या प्रकरणावरचा प्रश्न सोडून दिला होता. कॉपीचा संशय येणारच. सरांनी त्यातल्या म्होरक्याला बोलावलं. तो अगदी शांतपणे म्हणाला, "सर, पुस्तक उसवून आम्ही एकेक प्रकरण वाटून घेतलंय. चौथं ज्याच्याकडं हाय तो बहिणीच्या गावाला गेलाय. सोमवारी येतंय ते."

*

मंगळवारी एक आजी नातवाला घेऊन आल्या. गळ्यात माळ, बोलणं एकदम सरळ.

"बाई, ह्या बायलॉजीत बेडूक कापावा लागतंय म्हणं. आमच्या घरात चालत न्हाई."

मी त्यांना समजावलं, की आजी, ते दिवस गेले. आता काही कापत नाहीत, चित्रावर आणि मॉडेलवर शिकवतात. आजींचा जीव भांड्यात पडला. "मंग लिहून टाका बायलॉजी," म्हणाल्या.

नातवानं अण्णांकडं वळून विचारलं, "कॉम्प्युटरवाल्यात जागा हाय का?"

त्याची काय चूक? पोरगं ज्या एका गोष्टीसाठी येत होतं तीच आम्ही बंद केली होती.

त्याच दिवशी रेणुका येऊन काचेखालचा फॉर्म बघून गेली. फॉर्म होता तसाच होता. तिनं नुसतं मान लववून नमस्कार केला. मला उगीच चुकल्यासारखं वाटलं, पण का ते तेव्हा कळलं नाही.

*

फॉर्ममध्ये भाषेचा एक रकाना असतो. औरादकडचा एक मुलगा आईसोबत आला होता. अण्णांनी विचारलं, "भाषा कोणची?"

पोरगं विचारात पडलं. आईनं त्याच्या वतीनं सांगायला घेतलं. घरात मराठी, शाळेत कन्नड, मामाच्या घरी तेलुगू, बाजारात गेलं की दख्खनी.

"ते सगळं ठीक हाय अक्का, पण ह्याला चांगली कोणची येती?"

आईनं पोराकडं बघितलं, पोरानं आईकडं. मग तो म्हणाला, "कुणासंगं भांडायचंय त्यावर हाय."

अण्णांनी हिंदी लिहिलं. ती भाषा त्या बिचाऱ्यांनी सांगितलेलीच नव्हती. मी विचारलं, "अण्णा, हे काय?" तर म्हणाले, "कुणाचाच राग नको म्याडम."

*

गुरुवारी प्राचार्यांनी मार्गदर्शनाचा कार्यक्रम ठेवला. कलबुर्गीहून एक वक्ते आले. पांढरा शर्ट, कॉलरला माईक, आणि विषय 'आपली आवड ओळखा'. बोलले छान. मग पुढच्या ओळीतल्या एका मुलीला त्यांनी उठवलं. ती रेणुकाच्याच गावची.

"बाळ, तू काय घेणार?"

"आर्ट्स, सर."

"का बरं?"

"दोनला सुटतंय."

हॉल हसला. वक्त्यांचा चेहरा पडला. मग पंधरा मिनिटं त्यांनी कष्टावर भाषण दिलं. आळस कसा आयुष्य खातो, तरुणपणी घाम गाळला की पुढं कसं सोनं होतं, सगळं आलं त्यात. पोरगी उभीच. ही रोज पाचला उठून धारा काढून, भाकरी करून सकाळची सातची गाडी धरती हे त्यांना कुणी सांगावं? मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, पाहुण्यांचा मान म्हणून गप्प बसले.

शेवटी ते म्हणाले, "विचार कुठलाही प्रश्न. लाजू नकोस."

ती म्हणाली, "सर, भाषण किती वाजता संपतंय? गाडी हाय."

*

शुक्रवारी दीडच्या सुमारास बिराप्पा स्वतः आले. खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा, सोबत रेणुका. टेबलाजवळ उभे राहून म्हणाले, "म्याडम, प्रॅक्टिकल म्हंजे काय करतेत ते मला बघायचंय."

आजवर कुणा पालकानं हे विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं. सेकंड इयरचं प्रॅक्टिकल होतंच. लॅबच्या मागच्या भिंतीला एक स्टूल टाकून दिलं. घोंगडी मांडीवर घेऊन ते बसले, रेणुका शेजारी उभी राहिली.

दोनला घंटा झाली. पोरं आत आली. मी हजेरी घेतली. एकेक नाव, मग मागच्या वेळी कामून आला नव्हतास, मग तुझं जर्नल कुठंय. हजेरी झाल्यावर लक्षात आलं की कपाटाची किल्ली शिवराजअण्णांकडं. एका मुलाला पाठवलं. अण्णा चहाला गेले होते. किल्ली आली, टेस्ट ट्यूबा वाटल्या, आणि कामाला लागलो. मग मात्र मी झकास शिकवलं. रंग बदलले, पोरं खूश झाली, साडेचारला सुटलं. बिराप्पा जागचे हलले नव्हते.

सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "म्याडम, पोरं किती होती?"

मी रजिस्टर उघडायला लागले.

"एकोणचाळीस," ते म्हणाले. "एक त्या खांबाआड बसला हुता, त्याला तुम्ही गैरहजर टाकलाव."

मी बघितलं. टाकला होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दारातच मोजली. मेंढरं जाळीच्या कुंपणात घालताना दारातच मोजायची असतेत. आत गेल्यावर मोजत बसलं की मोजणं सरत न्हाई." मग घोंगडी घडी करत ते हळूच म्हणाले, "घंटा दोनला झाली. काम अडीचला लागलं. दोन तास काम झालं, ते खरं हाय. मी चूक काढायला आलो न्हाई म्याडम. अडाणी माणूस हाय, म्हणून इचारतो. काम दोनलाच लागलं तर?"

खरं सांगते, शरम वाटली. बावीस वर्षं मी त्या पोरींना टाइमटेबल दाखवत आले. टाइमटेबलवर दोन ते चारच लिहिलेलं होतं. वरचा अर्धा तास माझा होता. त्या अर्ध्या तासापायी मेहकरकडच्या किती पोरी आर्ट्सला गेल्या असतील, ते मोजायची माझी हिंमत झाली नाही.

"चारला सुटेल," मी म्हणाले. "माझा शब्द."

"मंग भर गं," ते लेकीला म्हणाले.

अण्णांनी काचेखालचा फॉर्म काढला आणि पेन तिच्या हातात दिलं. त्या दिवशी त्यांनी स्वतः काहीही लिहिलं नाही. बाप-लेक सातची गाडी धरायला स्टँडवर गेले.

*

नव्या बॅचचं पहिलं प्रॅक्टिकल गेल्या बुधवारी झालं. कपाटाची किल्ली आता माझ्या पर्सला बांधलेली असते. दोनला दोन मिनिटं असताना मी लॅबच्या दारात उभी राहिले. घंटा झाली. पोरं आत शिरू लागली आणि मी ओठांतल्या ओठांत मोजत गेले. धक्काबुक्की चालली होती, तरी एक सुटू दिला नाही. शेवटचा आत गेला तेव्हा आकडा झाला एकेचाळीस. पटावर बेचाळीस. आलं की जमायला, असं मनात म्हणत मी फळ्याजवळ गेले, खडू उचलला आणि वर्गाला सांगितलं, "एक जण आलेलं नाही."

पहिल्या टेबलावर रेणुका बसली होती. अ‍ॅप्रनची बटणं लावलेली, जर्नल उघडून तारीखही घातलेली.

"आल्यात की सगळे, म्याडम," ती म्हणाली. "मी घंटेच्या आधीच आत आले होते."