टॅरी आणि उंबऱ्यावरची ताई

कार्तिकातल्या कोवळ्या उन्हाला ओल्या सड्याचा वास होता, आणि त्या उन्हात उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला मी घराबाहेर काढले. 'काढले' हाच खरा शब्द; इतकी वर्षे मी त्याला 'निरोप दिला' म्हणत आलो.

भाऊजी गेल्यानंतरची ताईची ती पहिली भाऊबीज. दरवर्षी आमच्या धरमपेठेतल्या घरातून निघताना ती उंबऱ्याशी थांबायची, माझी पत्नी तांदूळ-नारळाने तिची ओटी भरायची आणि मगच ताईचे पाऊल बाहेर पडायचे. विधवेची ओटी भरत नाहीत. पण हे पायांना कोणी सांगावे? ते सवयीने थांबले. हातात पदराची टोके, रिकामी. मला मात्र कॉलेजातला दिवाळीच्या सुटीतला जादा तास गाठायचा होता.

"काहून थांबली वं ताई? आता काय राहिलं?" मी म्हणालो. "काटोलची बस निघून जाईन."

"काही नाही गा," ती हसली. "तू जाय. तुले शिकवाले जाचं आहे."

त्या तासाला मी 'टॅरी' हे इंग्रजी क्रियापद शिकवले! बोलण्यातून केव्हाच हद्दपार झालेले, जुन्या कवितेपुरते उरलेले. नुसते थांबणे नव्हे, मी मुलांना सांगत होतो. निघायची वेळ झाली तरी मन निघत नाही, म्हणून रेंगाळणे. आणि बहुधा ते नकारासोबतच येते: रेंगाळू नकोस, चल, नीघ. एवढे बोललो आणि खडू हातातच राहिला. अर्थ सांगणाऱ्याला अर्थ कळावा तो इतक्या उशिरा?

पुढच्या भाऊबिजेला ताई आली नाही. त्यापुढच्याही नाही. शेतात काम आहे, असा निरोप तेवढा यायचा. मीही गेलो नाही. अपराधी माणसाला काटोल किती दूर असते! मग एका दिवाळीत पत्नी फराळाचे डबे भरता भरता म्हणाली, "त्या दिवशी मी तांदूळ काढून ठेवले होते. म्हटलं, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. पण तुम्ही बोलले, न् माझा हात मागंच राह्यला."

दुसऱ्याच दिवशी आम्ही काटोलला गेलो. ताई अंगणात मूग निवडत होती. तिने वर पाहिले, पुन्हा सुपात पाहिले.

"आज तास नाही का सर?"

मी तिच्यासमोर जमिनीवरच बसलो. सुंदर शब्दांवर जन्म काढलेल्या माणसाला त्या वेळी एकही सुंदर शब्द आठवला नाही.

"ताई, तू थांबली होती, न् मी तुले हाकललं. चुकलं माझं. मले माफ कर."