साडभाऊ आणि डीओपीचा भाव

आमच्या साडभाऊंइतका, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका, प्लास्टिकवर जीव लावणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात झाला नाही आणि, देवाशपथ, होऊही नये. आदिलाबादेत त्यांचं पाइप, रेक्झिन, मेणकापड आणि चपलांचं दुकान होतं, पण खरं दैवत डीओपी नावाचं, खनिज तेलापासून बनणारं तेल. प्लास्टिक जात्याच कडक. हे तेल घातलं की मऊ पडतं, आणि तेल महागलं की कारखानदार हात आखडतो, हे ज्ञान त्यांनी मला माझ्याच लग्नाच्या पंगतीत, तोंडात जिलबी असताना दिलं. "व्यापाऱ्याच्या जिभेवर इश्वास ठेवू नका, साडभाऊ. नख लावा, वास घ्या!" स्वतः ते बसच्या सीटला नख लावत, दवाखान्यात सलाइनची नळी हुंगत, आणि तहसीलदाराच्या खुर्चीचं रेक्झिन त्यांनी तहसीलदार बसलेला असताना चिमटून पाहिलं होतं. आखातात लढाईची बातमी आली तेव्हा सारे पेपर वाचून हळहळले. हे चौकात लोकांच्या पायांकडे बघत उभे. "तिकडे गोळी सुटली का इकडे चपलेची टाच कडक होते. पाहाच तुमी!" पुढं थंडीत गुडीहत्नूरचा एक भाजीचा मळेवाला तडकलेला नवा पाइप खांद्यावर टाकून भांडायला आला, तर अंदाज खरा ठरला म्हणून साडभाऊंनी त्याला मिठीच मारली. पाइप मात्र मुकाट्यानं बदलून दिला.

त्यांच्या लेकीचं, सुमीचं, लग्न जुळत आलं. मुलगा बेल्लमपल्लीचा, कोळशाच्या खाणीत नोकरीला, आणि सुमीच्या मनात भरलेला. आता फक्त आम्ही जाऊन मुलाचं घर पाहायचं राहिलं होतं. निघताना ती माझ्या कानाशी लागली, "मावसाजी, बाबाले तिथं कायलेच हात लावू देऊ नका."

मी कबूल केलं खरं. पण मी पाण्याचा पेला तोंडाला लावतोय तोवर साडभाऊंनी दारातला मुलाचा खाणीत घालायचा प्लास्टिकचा बूट उचलला, पिरगाळला, आणि आत नाक खुपसलं! मुलाची आई पोह्यांच्या बशा घेऊन जागीच थबकली. बाप ताडकन उठला. "पोरगं पाहाले आले का बूट?"

झालं! मोडली सोयरीक. सुमीला काय तोंड दाखवू?

साडभाऊंचं तिकडे लक्षच नाही. त्यांनी मुलाला विचारलं, "किती वर्साचे हायेत?"

"तीन."

"तडकले काऊन नाही मग?"

"चुलीजवळ वाळवत नाही, मामाजी. पुसून सावलीत ठेवतो." आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, बिचाऱ्यानं घाबरून आधीच म्हणून टाकलं.

"तीन वर्सं! अन् मालात तेलाचा थेंब नाही!" साडभाऊ बूट हातात धरूनच उभे राहिले. "असले बूट जो सांभाळते तो माही लेक सांभाळीन. इवाईबुवा, तारीख काढा!"

बापाला हसू आवरेना. पोहे पुढं आले. मी दोनदा मागून खाल्ले.

लग्न झोकात झालं. सुमीला घेऊन वऱ्हाडाची बस गेली आणि साडभाऊ रिकाम्या मांडवात बसून राहिले. त्यांना हसवावं म्हणून मी विचारलं, "काय म्हणतो डीओपीचा भाव?"

ते म्हणाले, "रोज सकाळी मी पेपरातले भाव सुमीले वाचून दाखवत होतो. तिले काय समजत होतं! पन चहा घेऊन आयकत बसे." उपरण्यानं डोळे पुसले. "उद्या कोनाले सांगू, साडभाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो. ते होते तोवर जात राहिलो. मलाही त्यातलं काही समजत नव्हतं.