व्हॉट से यू, मेव्हणेबुवा?

दाजी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्यावरच चिडलेलो होतो. आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन मी बोलणं अर्धवट तोडून ठेवला होता...

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. नायगावच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, निवृत्तीनंतर नांदेडला घर बांधलं. इंग्रजांनीही अडगळीत टाकलेलं एक वाक्य मात्र त्यांनी सोडलं नाही. "व्हॉट से यू?" म्हणजे, तुमचं काय म्हणणं? टरबूज घ्यायचं तरी गाडेवाल्याला विचारणार, शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारणार, मग ताईला फोन. तोवर टरबूज दुसराच कुणी घेऊन जायचा. माझ्या मुलीला उदगीरचं स्थळ आलं, तर लातूरच्या बसमध्ये यांनी कंडक्टरला विचारलं, "व्हॉट से यू?" तो तिकिटं द्यायची सोडून म्हणाला, "सर, आधी पोरीला इचारलाव का?" मग अख्ख्या बसनं मत दिलं. मी शरमेनं खिडकीबाहेर बघत बसलो. पोरीला आम्ही विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पुढे डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन लवकर करा म्हणून बजावलं. दाजी तीन आठवडे मतं गोळा करत हिंडले. दूधवाला, मेडिकलवाला, न्हावी, कुणी सुटलं नाही. शेवटी मला लातूरला फोन. "व्हॉट से यू, मेव्हणेबुवा?" माझं डोकंच फिरलं. "साऱ्या गावाला विचारलंत ना? आता करा तुमच्या मनाचं!" म्हणालो आणि फोन ठेवला. पहाटे ते गेले. अजूनही राग येतो, पण आता तो काढू कुणावर?

परवा, महिन्याभरानं, ताईला भेटायला नांदेडला गेलो आणि दाढीसाठी बालाजीच्या दुकानात शिरलो. दाजी रोज सकाळी तिथे पेपर वाचत बसायचे, त्यांचं स्टूल अजून तिथेच होतं. बालाजीनं मला ओळखलं. साबण लावता लावता म्हणाला, "आमाला कोन इचारतंय हो? सर इचारायचे. आप्रेशनचं बी इचारले. म्या म्हणलं, आमी काय सांगावं सर, लातूरच्या मेव्हण्याला इचारा. दूधवाला, मेडिकलवाला, समदे तेच म्हणले. मंग सर म्हणले, बरं, तो म्हणंल तसं करतो."

वस्तरा हातात धरून तो थांबला.

"मंग, तुमी काय म्हणलाव?"

गालावर साबण वाळत होता. आरशात ते रिकामं स्टूल दिसत होतं.