दोरा बांधलेला डबा

त्या वर्षी देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही, पण मी रुसले मात्र होते. रोज सकाळी दिवा लावायचा, अथर्वशीर्ष म्हणायचं आणि हात जोडताना मनातल्या मनात म्हणायचं, तुझं सगळं वेळच्या वेळी चाललंय, माझ्याकडे कधी बघणार? गोष्ट नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराची. आम्ही पनवेलला राहायचो, लेक लग्न होऊन डोंबिवलीला गेली होती, घरात आम्ही दोघंच. ह्यांच्या किडन्या नीट काम करत नाहीत असं कळून आठ महिने झाले होते. पायांवर सूज यायची, सकाळी उठले की डोळे जड दिसायचे. डॉक्टरांनी औषधं दिली आणि मीठ बंद केलं. कमी नव्हे, बंद. "मीठ चालू ठेवलंत तर वर्षभरात डायलिसिसवर याल," असं त्यांनी ह्यांना तोंडावर सांगितलं होतं.

आता ज्या माणसाला ताकातसुद्धा मीठ वरून लागायचं, त्याला हे कसं मानवावं? ह्यांनी उघड भांडण कधी केलं नाही. ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे आणि "भूक नाही" म्हणून उठायचे. मग संध्याकाळी फिरायला म्हणून जायचे आणि येताना शर्टाला शेवेचा वास यायचा. मी वास ओळखायचे, ते मी ओळखलंय हे ओळखायचे, आणि मी शर्ट भिजत घालायचे. दुसऱ्या दिवशी बूट पायात चढत नसे. मला भीती वाटायची, आणि भीतीचं रूपांतर रागात व्हायला माझ्या स्वभावात कधीच वेळ लागला नाही.

घरात एक वेळ निभतं, पण प्रवासात पंचाईत. बाहेर बिनमिठाचं मिळतं काय? बिस्किटात मीठ, पावात मीठ, फरसाणाचं तर विचारूच नका. कुरमुऱ्यातही मीठ असतं हे मला त्या वर्षी कळलं. म्हणून कुठेही निघायचं तर आदल्या दिवसापासून माझी तयारी. दुधातल्या दशम्या, पातळ पोहे भाजून त्यांचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू. शिवाय आमच्या स्टीलच्या दोन गोल डब्यांपैकी एकात ह्यांची अळणी पोळी-भाजी आणि दुसऱ्यात माझी. डबे अगदी सारखे, म्हणून ह्यांच्या डब्याच्या कडीला मी पांढरा दोरा बांधायचे. हे त्याला "पेशंटचा डबा" म्हणायचे. मला वाटायचं, थट्टा करतात.

पालीच्या गणपतीला ह्यांच्यासाठी मी नवस बोलले होते. पाच वेळा जोडीने दर्शनाला येईन, असा. त्यातली ही तिसरी खेप, एका रविवारची. थंडी होती. पहाटेपासून खपून मी सगळं भरलं, आम्ही निघालो, कोपऱ्यापर्यंत आलो आणि हे म्हणाले, "कुलूप नीट लागलंय का बघून येतो. पिशवी दे, तू कशाला धरून उभी राहतेस." गेले ते पाच-सात मिनिटांनी आले. स्टँडवर पोचतो तर पालीची गाडी आमच्या देखत फाटकातून बाहेर पडली. पुढची गाडी दुपारी. कोणीतरी म्हणालं, पळस्पे फाट्यावर जा, कोकणातल्या गाड्या तिथून परस्पर जातात, पालीला वळायच्या वाकण नाक्यापर्यंत मिळेल काहीतरी. रिक्षा करून फाट्यावर आलो. तिथेही तास गेला. गाड्या येत होत्या, पण भरलेल्या.

अकराच्या सुमाराला ह्यांची गोळी घ्यायची वेळ झाली. पोटात काही गेल्याशिवाय ती घेता यायची नाही. रस्त्याकडेला एका झाडाखाली दगडावर बसून मी पिशवी उघडली. वर माझा डबा होता. त्याच्या खाली घडी केलेला टॉवेल. लाडू नाहीत, दशम्या नाहीत, चिवडा नाही आणि दोऱ्याचा डबाही नाही. मी पिशवी सगळी उपसली आणि ह्यांच्याकडे पाहिलं. ते गोव्याच्या रस्त्याकडे बघत होते.

"अहो, डबा?"

"घरी आहे. ओट्यावर." इतक्या शांतपणे म्हणाले! "अगं, एक दिवस. देवाला चाललोय ना आपण? एक दिवस मला माणसासारखं खाऊ दे."

आणि उठून समोरच्या गाडीवरून वडापाव घेऊन आले. फाट्यावर माणसं होती म्हणून मी ओरडले नाही, पण दातओठ खाऊन बोलले ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मी कुणासाठी मरमर मरते, कुणासाठी नवस करते, तुम्हाला जगायचंच नसेल तर तसं सांगा. हे वडापाव हातात धरून उभे. खातही नव्हते, टाकतही नव्हते.

त्याच झाडाच्या पलीकडे एक बाई गाठोड्याला टेकून बसली होती. साठीची असेल, गुडघ्यापर्यंत कासोटा, काळीसावळी, पायांच्या टाचा पांढऱ्या पडून चिरलेल्या. ती मघापासून ऐकत असणार.

"काय झाला गं बाय?" तिने विचारलं.

मला शरम वाटली, पण डोळे आधीच भरले होते, म्हणून सांगून टाकलं. ह्यांना मीठ चालत नाही, डबा घरी राहिला, आता काय खायला घालू? डबा कसा राहिला ते सांगितलं नाही. ती हसायला लागली.

"मीठ नाय चालत? आवो मग बसा ना हितं. माज्या जेवनात मीठ नाय."

मला वाटलं, बिचारी आपलं चांगुलपण म्हणून सांगतेय. तिने फडकं सोडलं. तांदळाच्या भाकऱ्या, वालाची उसळ, हिरवी मिरची आणि लिंबाची फोड. मी बोटाच्या टोकाने उसळ जिभेवर लावून पाहिली. खरंच कणभर मीठ नव्हतं. त्या फाट्यावर शे-दीडशे माणसं असतील, त्यांच्या डब्यांत चटण्या, लोणची, सुकट, काय काय असेल, आणि मी नेमकी ह्या झाडाखाली येऊन बसले होते.

"मावशी, तुम्हालाही डॉक्टरांनीच सांगितलंय का?" ह्यांनी विचारलं. आजाराबद्दल ते आपणहून कुणाशी बोललेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"कसला डाक्टर! मी उलव्याकडची, मिठागरात कामाला. आख्खा दिस पाय मिठात. माज्या घरवाल्याच्या पोटात पानी झाला व्हता. मी द्येवाला सांगितला, माज्याकडं दुसरा काय नाय, मी मीठ सोडते, तू ह्याला उठव."

"मग? बरे झाले?" हा प्रश्न माझा. मला त्याचं उत्तर हवंच होतं.

"नाय गं. दिवाळीच्या आदी गेला. सात वर्सं झाली."

माझ्या तोंडातून निघून गेलंच, "मग आता कशाला पाळता?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "द्येवाला दिल्याली वस्तू परत मांगाची? त्याला नसल जमला. त्याला बी किती जनांचा बघायचा असतो." आणि भाकरी मोडून ह्यांच्या हातावर ठेवत ती मला म्हणाली, "तू बी अलनीच खात असशील ना यांच्यासंगती?"

तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला ते तसंच असणार असं वाटलं होतं. मी मान खाली घातली. आठ महिने मी संकष्ट्या केल्या, सोमवार धरले, पायी प्रदक्षिणा घातल्या. पण उपासाला साबुदाण्याची खिचडी करायचे ती व्यवस्थित मीठ घालून. रोज ह्यांची भाजी आधी बाजूला काढायची आणि उरलेल्या भाजीत मीठ घालून मी जेवायचे, त्यांच्यासमोर बसून. अळणी भाजी कशी लागते हे मी एकदाही चाखून पाहिलं नव्हतं. पांढरा दोरा मी खूण म्हणून बांधत होते, आणि ह्यांना मात्र तो रोज सांगत होता की तू आता वेगळा. हे मला त्या दगडावर बसून कळलं आणि मी फार लाजले.

मी माझा डबा मिटून पिशवीत टाकला आणि मावशींपुढे हात केला. पहिला घास घेतला. खोटं कशाला सांगू, तो गिळवेना. माझं तोंड इतकं वाकडं झालं असणार की हे मोठ्याने हसले. आठ महिन्यांनी हसले. "लिंबू पीळ गं," म्हणाले, "आणि मिरची चाव. नुसतं जात नाही." वडापाव त्यांनी कागदासकट बाजूला ठेवला होता. आम्ही तिघांनी त्या भाकऱ्या वाटून खाल्ल्या. ह्यांनी गोळी घेतली. मावशी मला सांगत होत्या, लसूण जास्त घाल, चिंच घाल, ओलं खोबरं घाल, महिन्याभरात जीभ ऐकते. तेवढ्यात पेणची गाडी आली, लेकीकडे जायचं म्हणून त्या गाठोडं उचलून चढल्यासुद्धा. नाव विचारायचं राहून गेलं.

दुपारी आम्ही पालीला पोचलो. एरवी गाभाऱ्यासमोर माझी मागण्यांची यादी तयार असे. त्या दिवशी हात जोडले आणि मागायला तोंडच उघडेना. नुसती उभी राहिले. मनातला रुसवा कुठे गेला कुणास ठाऊक, मला बरं वाटत होतं एवढं खरं. बाहेर आल्यावर पुजाऱ्यांनी दिलेलं खोबरं आणि साखर हातावर घेऊन हे म्हणाले, "बघ, इथे सगळ्यांनाच अळणी."

घरी आल्यावर ओट्यावरचा डबा उघडला, भाजी आंबली होती. डबा घासला आणि कडीचा दोरा सोडून टाकला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एकच भाजी, एकच आमटी शिजली, बिनमिठाची. पुढे कुठेही जायचं तर हे स्वतः डबा भरायचे आणि लिंबू घेतलं का म्हणून मलाच दटावायचे. शेवेचा वास पुन्हा आला नाही. डायलिसिसची वेळ बरीच वर्षं टळली. औषधाने, पथ्याने की आणखी कशाने, याचा काथ्याकूट मी करत नाही. जी वर्षं मिळाली ती आम्ही एका ताटातलं जेवून काढली.

नव्वदचं दशक सरता सरता हे गेले. दिवस झाल्यावर पाहुणे पांगले आणि घरात लेक आणि मी उरलो. तिने आमटी टाकली होती. मिठाची बरणी हातात घेऊन ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "आई, आता घालू ना गं मीठ?" बिचारीने किती जपून विचारलं! माझ्या डोळ्यांपुढे त्या चिरलेल्या टाचा आल्या. मिठात दिवसभर उभी राहणारी ती बाई, जिला देवाने मागितलेलं दिलं नव्हतं आणि जिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

"तुझ्या वाटीत घाल," मी म्हटलं. "माझी आधी बाजूला काढून ठेव."